पाचवी रेघ

मी एक जुनं, गंजकं आणि निनावी हत्यार आहे.

मित्रांनो, आत्मवृत्त सांगणाऱ्याने पहिल्याच वाक्यात आपलं नाव सांगायचं असतं. छत्री सांगते, फळा सांगतो. माझी गाडी तिथेच अडते. मला आजवर लोकांनी कंगवा म्हटलं, ब्रश म्हटलं, बुटांचा चिखल खरवडायची पट्टी म्हटलं. एका बाईने मला वाद्य समजून माझ्या तारांवरून नख फिरवलं आणि सूर बरा नाही म्हणून परत ठेवून दिलं. एकानेही आधी विचारलं नाही, सरळ ठरवूनच टाकलं. माणसांच्या या सवयीचा मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

दिसायला मी असा आहे. वीतभर लांबीच्या दोन लोखंडी पट्ट्या एकमेकींवर स्क्रूने आवळलेल्या. त्यांच्यामधून दीडशेच्या आसपास बारीक पोलादी तारा आरपार गेलेल्या, एकीला एक खेटून. फणीचे दात जागचे हलत नाहीत, माझे हलतात. मला एखाद्या वस्तूवर दाबा. ती जिथे फुगीर असेल तिथल्या तारा मागे सरकतात, जिथे खोलगट असेल तिथल्या पुढेच राहतात. मग मला उचला. त्या वस्तूची कड माझ्या अंगावर उमटलेली दिसेल. मला कागदावर आडवं ठेवून कडेने पेन्सिल फिरवली की आकाराची नक्कल तयार.

ऐकायला सोपं वाटतं. मला मात्र आयुष्यभर ते कळलेलं नाही. कारण माझ्या एका बाजूला जे फुगीर असतं तेच दुसऱ्या बाजूला खोलगट असतं. यातला खरा आकार कुठला, हे मला आतून कधीच सांगता येत नाही. आणि दुसरी अडचण त्याहून मोठी. मला टेबलावर आपटून सरळ केलं की आधीचा आकार माझ्या डोक्यातून साफ पुसला जातो. माणसं आठवतात, हात आठवतात, बोलणी आठवतात. आकार तेवढा आठवत नाही. म्हणजे जे लक्षात ठेवायला मी जन्मलो नेमकं तेच.

माझा जन्म कुठल्यातरी कारखान्यात झाला. पट्टीवर नाव कोरलेलं होतं, ते झिजलं. टास्मानियात, ह्युऑन नदीच्या काठी, एका सफरचंदाच्या बागेत मला जाग आली तेव्हा मी घोड्याच्या आयाळीतून फिरत होतो. मला वाटलं आपलं काम हेच. घोड्याला ते पसंत नव्हतं. केस तारांत अडकायचे आणि तो लाथ झाडायचा. मालक मग मलाच शिव्या द्यायचा. तीन वर्षं मी स्वतःला वाईट कंगवा समजत होतो.

पुढे बाग विकली गेली. जुन्या सामानाच्या लिलावात मी बिजागऱ्यांनी भरलेल्या एका बादलीच्या तळाशी होतो. ती बादली घेतली लायल डिरीन याने. लायल होड्या बांधायचा. त्याचा बाप बांधायचा, आजा बांधायचा. त्यालाही मी कोण हे माहीत नव्हतं. पण त्याने एक वेगळी गोष्ट केली. त्याने मला खिळ्याला लटकवलं आणि माझा काही उपयोगच केला नाही.

"तू काय आहेस ते तूच सांग कधीतरी," तो म्हणाला. "मला घाई नाही."

एके दिवशी खिळा निखळला. मी खाली एका खुर्चीच्या घडीव पायावर पडलो आणि लायलने उचललं तर त्या पायाची सगळी वळणं माझ्या अंगावर. त्याने मला पायाला लावून पाहिलं, काढलं, पुन्हा लावून पाहिलं. मग तो बराच वेळ हसत राहिला.

"नकल्या आहेस होय. आणि मी तुझ्यावर सहा महिने टोपी अडकवतोय."

ते माझं पहिलं नाव. खरं नाव नव्हे, पण हाक मारायला पुरेसं.

त्यानंतरची वीस वर्षं चांगली गेली. चर्चच्या बाकाची मोडकी कड, जिन्याच्या कठड्याचा गोल, वल्ह्याची मूठ, सगळं मी अंगावर घेतलं आणि कागदावर उतरवून दिलं. लोक लायलला विचारायला यायचे की असलं हत्यार घ्यायचं तर कसं निवडायचं. तो सांगायचा, "आधी अंगठा दाबा. तारा सहज सरकल्या पाहिजेत. मग हातात धरून झटका द्या. झटक्याने आकार मोडला तर ठेवून द्या तिथंच, वाटेतच विसरणारा नकल्या काय कामाचा? आणि दात जाड असतील तर घेऊ नका. जाड दाताला बारीक वळण कळत नाही." आणि वर म्हणायचा, "मात्र चकचकीत पॉलिशवर माझा वापरू नका, ओरखडे काढतो." माझ्यातला दोषही तो मोकळेपणी सांगायचा. मला ते आवडायचं.

आता मुख्य गोष्ट.

नदीकाठच्या दारूच्या गुत्त्यात, भिंतीवर, एक अर्धी होडी ठोकलेली होती. होडी उभी चिरली तर जे अर्धं उरेल तसा हातभर लांबीचा लाकडी नमुना. तो लायलच्या आजाने कोरला होता. अशा नमुन्यावरून मोठी होडी बांधतात. नमुन्याच्या पाच ठिकाणी आडवा आकार घ्यायचा, तो मोठा करायचा, त्याचे लाकडी साचे करायचे आणि साच्यांवर फळ्या वाकवायच्या. त्या आजाच्या नमुन्यावर बांधलेल्या होड्या कधीच कुजून संपल्या होत्या. लायल पंचाहत्तरीला आला आणि म्हणाला, अजून एक बांधू. मुलगी रोवेना हिच्यासोबत. ती होबार्ट शहरात बस चालवते, तिने सुट्ट्या जमवून ठेवल्या होत्या.

गुत्त्याचा मालक नमुना भिंतीवरून काढू देईना. म्हणून लायल मला आणि एक प्लायवुडची फळी घेऊन तिथेच गेला. खुर्चीवर चढला. पहिला आकार मी घेतला, त्याने फळीवर रेघ काढली, मला सरळ केलं. दुसरा. तिसरा. चौथा. पाचवा आकार मागच्या टोकाजवळचा, सगळ्यांत अवघड. तिथे होडी वर फुगते आणि खाली अचानक आत वळते, एखाद्या पेल्यासारखी. तो आकार मी घेतला आणि तेवढ्यात मालक म्हणाला, "लायल, बंद करतोय मी. उतर खाली, पडशील आणि मला त्रास देशील."

लायल उतरला. मला तसाच, आकारासकट, एरवीसारखं मेणकापडात न गुंडाळता हातात धरून घरी घेऊन आला. हत्यारांच्या पेटीत हलकेच ठेवलं. म्हणाला, "उद्या सकाळी."

त्याच रात्री त्याला झटका आला, डावी बाजू लुळी पडली. तीन आठवड्यांनी तो गेला. तो फेब्रुवारी होता.

जुलैत गुत्त्याच्या स्वयंपाकघरातून आग लागली आणि अर्धी होडी जळाली.

त्या आकाराची जगातली एकच नक्कल उरली होती आणि ती माझ्या अंगावर होती. मला ते माहीत नव्हतं. मी नदीच्या ओलाव्यात पेटीत पडून होतो आणि अंगाला खाज सुटत होती, कारण गंज चढत होता. मला वाटलं आपली दैना झाली.

सप्टेंबरात ती पेटी गावातल्या म्हाताऱ्यांच्या कामशेडमध्ये आली. आमच्याकडे निवृत्त माणसं शेडमध्ये जमतात, खुर्च्या दुरुस्त करतात, चहा पितात आणि एकमेकांना नावं ठेवतात. रोवेनाने निरोप धाडला होता की बाबांच्या शेडमधलं लागेल ते न्या. तिच्याने ते सगळं बघवत नव्हतं.

शेडचा कारभारी केल्विन. सफरचंदांच्या पॅकिंगमध्ये मुकादम होता, चाळीस वर्षं फळं रांगेत लावली. त्याला वाकडं काही बघवत नाही. त्याचा नियम होता की आलेलं प्रत्येक जुनं हत्यार आधी सरळ करायचं, मग शुक्रवारी व्हिनेगरच्या टबात बुडवायचं आणि तारेच्या चोथ्याने घासून चकचकीत करायचं. नीट बघणं नंतर. त्याने मला पेटीतून काढलं, माझ्या वेड्यावाकड्या तारा बघून तोंड वाकडं केलं, तेलाचे चार थेंब सोडले आणि मला टेबलावर ठाक ठाक आपटलं.

मी सरळ झालो. रिकामा झालो. काहीतरी महत्त्वाचं हातात होतं आणि ते पडलं, एवढंच जाणवत राहिलं. काय होतं ते मात्र आठवेना.

त्यांनी मला चहाच्या टेबलावर ठेवलं आणि शेजारी कार्ड लावलं: हे काय आहे? ओळखणाऱ्याला शेवटचा लॅमिंग्टन केक. ही त्या शेडची रीत होती, ओळख न पटणाऱ्या हत्याराला टबाआधी टेबलावर बसवायचं. महिनाभर तो चॉकलेट-खोबऱ्याचा केक कोणालाच मिळाला नाही. दर बुधवारी नवीन आणायचे आणि केल्विनच खायचा.

"मधमाश्यांच्या पोळ्याचं आहे हे," बासिल म्हणायचा. बासिल म्हणजे शाळेतला सुतारकामाचा निवृत्त मास्तर. प्रत्येक गोष्ट ठासून सांगायचा. मागच्या आठवड्यात त्याने ठासून सांगितलं होतं की मी गालिचा साफ करायचा आहे.

"मागच्या वेळी गालिचा म्हणालास."

"गालिच्यावर मध सांडला तर?"

"बासिल, तू पोरांना शिकवलंस कसं रे?"

"पोरं शिकली. तू शाळेत आला असतास तर तूही शिकला असतास."

मित्रांनो, मी हे ऐकत होतो आणि माझाच माझ्यावरचा विश्वास उडत चालला होता. असेन मी पोळ्याचा. असेन गालिच्याचा. नकल्या म्हणणारा माणूस तर मेला होता.

ऑक्टोबरातल्या एका बुधवारी रोवेना आली. काखेत प्लायवुडची फळी. चाळिशीची, बापासारखीच रुंद खांद्यांची. तिने फळी टेबलावर ठेवली.

"बाबांची होडी पुरी करायचीय मला," ती म्हणाली. "त्यांची शेड या महिनाअखेर रिकामी करून द्यायचीय. त्याआधी साचे उभे राहिले तर होडीचा सांगाडा बाहेर काढता येईल, नाहीतर लाकडं विकायची आणि विसरायचं. चार रेघा आहेत. पाचवीच्या जागी नुसता आकडा आणि तारीख. ते ज्या रात्री पडले ती तारीख."

"पाचवी अंदाजाने काढू," बासिल म्हणाला. "मी काढतो. एका मिनिटाचं काम."

"अंदाजाने काढली तर ती तुमची होडी होईल, बासिल."

बासिलने उचललेली पेन्सिल परत खाली ठेवली. ते सहसा घडत नाही.

"बाबा एका हत्याराने आकार घ्यायचे. नकल्या म्हणायचे त्याला. मी कधी नीट पाहिलं नाही, माझं लक्ष स्वयंपाकघरातल्या मटणाच्या पॅटीसकडे असायचं. पेटी तुमच्याकडे आलीय. त्यात काही आहे का तसं?"

माझं नाव. मी तिच्यापासून वीतभर अंतरावर होतो, शेजारी कार्ड आणि केक. बोलता आलं असतं तर काय केलं असतं, कोण जाणे. मला तोंड नाही आणि तो माझा दोष नाही.

मग त्यांनी शेडमधलं जे जे आकाराशी संबंधित होतं ते टेबलावर मांडलं. कंपास आणला. रोवेना म्हणाली, याने गोल निघेल, हे वळण नाही निघणार. वाकणारी रबरी पट्टी आणली, तिच्या पोटात शिसं होतं. ती उचलताच स्वतःच्या वजनाने झुकली. शेवटी बासिलने निळ्या प्लास्टिकचा, जाड दातांचा एक नवाकोरा नकल्या आणला. तो माझाच जातभाई, हे मात्र कोणाच्या ध्यानात आलं नाही.

"हे बघ. आकाराची नक्कल करायचं हत्यार. हल्ली सगळे हेच वापरतात. दाबायचं की झालं."

रोवेनाने तो फळीवरच्या चौथ्या रेघेला लावला. मग चष्मा कपाळावर ढकलून रेघेवर इतकी वाकली की नाक लाकडाला टेकलं.

"ही रेघ गुळगुळीत नाहीये," ती म्हणाली. "बारीक पायऱ्या आहेत हिला. पेन्सिल प्रत्येक दातावरून अडखळत गेलीय. पण याचे दात जाड आहेत. याच्या एका दातात रेघेवरच्या दोन पायऱ्या बसतात. हे ते नाही."

बासिल वाकला. केल्विन वाकला. तीन डोकी एका रेघेवर. मग बासिलचा हात टेबलावरून चाचपडत माझ्याकडे आला. त्याने मला रेघेवर ठेवलं आणि बोटाने तारा रेघेपर्यंत सरकवत नेल्या. माझी एकेक तार एकेका पायरीवर बसली. पहिलीपासून शेवटपर्यंत.

"पोळ्याचं नव्हतं तर," केल्विन म्हणाला.

"हाच नकल्या," रोवेना म्हणाली. "मग पाचवा आकार? त्या रात्री यातच असणार तो. पेटीत असताना कसा होता हा?"

केल्विनचे कान लाल झाले.

"केल, कसा होता हा?"

"वाकडातिकडा होता, पोरी. मी सरळ केला."

चहा थंड होत होता. मित्रांनो, मला त्या माणसाचा महिनाभर राग होता. त्या क्षणी मात्र तो इतका लहान दिसला की माझा राग कुठे ठेवावा ते कळेना.

केल्विनला बोलताना हाताला काम लागतं. त्याने मला उचललं, खिशातून तारेचा चोथा काढला आणि घासू लागला. "मला काय ठाऊक," तो म्हणत होता. "लायल माझा मित्र होता. पन्नास वर्षांचा. निदान स्वच्छ तरी करून देतो तुला. बापाची वस्तू आहे, अशी गंजकी नको न्यायला." घासता घासता माझ्या टोकाच्या तारा उजळू लागल्या. एक, दोन, तीन.

"थांबा," रोवेना म्हणाली.

चार, पाच.

तिने त्याचं मनगट धरलं. "थांबा म्हटलं ना. हे काय आहे?"

"गंज."

"गंज सगळीकडे नाहीये. हे बघा. प्रत्येक तारेवर एक उजळ पट्टा आहे. बोटाच्या पेराएवढा. या तारेवर इथे, या शेजारच्या तारेवर जरा वर, हिच्यावर आणखी वर. हा पट्टा गंजला का नाही?"

बासिलने चष्मा पुसला. मग हळूहळू, जन्मात पहिल्यांदाच न ठासता, म्हणाला, "कारण तो भाग पट्ट्यांच्या आत होता. झाकलेला. बाहेर होतं तेवढं गंजलं."

"म्हणजे उजळ पट्टा परत आत ढकलला की..."

"की तार त्या रात्री होती तिथे जाईल."

मित्रांनो, आठ महिने ज्या गंजाला मी माझी दैना समजत होतो, त्यानेच आकार राखून ठेवला होता. मी विसरलो होतो, माझं अंग विसरलं नव्हतं. हे मला आजही नीट समजलेलं नाही, मी फक्त घडलं ते सांगतो.

रोवेना खुर्चीवर बसली आणि टाचणीच्या टोकाने एकेक तार सरकवू लागली. शेडमध्ये त्या दुपारी एकही हातोडा वाजला नाही. शेवटी माझ्या अंगावर एक वळण उभं राहिलं. वर फुगीर, खाली आत गेलेलं.

पण गोंधळ संपला नव्हता. बासिलने मला फळीवर ठेवून रेघ काढली आणि रोवेना म्हणाली, हे उलटं वाटतं. त्याने दुसऱ्या बाजूने काढली, तर तीही खरी वाटली. मग केल्विन म्हणाला, वरचं टोक खाली असेल तर? असला आकार कसाही धरला तरी बरोबरच दिसतो. एका पाचवीच्याच चार रेघा झाल्या, चारही होडीच्या, आणि त्यातली एकच खरी. तिघे फळीभोवती फिरत होते. मला तर तेव्हा स्वतःचं डोकं कुठे आणि पाय कुठे तेही सांगता आलं नसतं.

या वेळी केल्विनने बघितलं. सफरचंदावरचा डाग हाताच्या अंतरावरून ओळखणारा माणूस तो.

"इथे हिरवं आहे," तो म्हणाला. "या बाजूच्या टोकांना. आणि एकाच शेवटाला. दुसरीकडे कुठेच नाही."

"गुत्त्यातली अर्धी होडी," बासिल म्हणाला. "खालचा भाग हिरवा होता. रंगाचे पोपडे निघायचे."

"मग हिरवी बाजू होडीला टेकली होती. हिरवं टोक खाली."

रोवेनाने त्या चारही रेघा खोडल्या. मला हिरव्या बाजूने, हिरवं टोक खाली करून ठेवलं आणि पेन्सिल फिरवली. तारांवरून अडखळत, बारीक पायऱ्या काढत रेघ वर चढली. वरच्या टोकाला आली आणि थांबली. केल्विनने घासलेल्या पाच तारा तिथे होत्या. चकचकीत, स्वच्छ, काहीही न सांगणाऱ्या.

"पोरी, मी..." केल्विन म्हणाला.

"असू दे, केल. चहा ओता."

तिने डोळे मिटले, हवेत हात पुढे केला, होडीत बसून काठाला हात टेकवतात तसा. मग डोळे उघडून तिने उरलेली पाव इंच रेघ स्वतःच्या हाताने काढली. तिथे पायऱ्या नाहीत. ती रेघ गुळगुळीत आहे.

महिनाअखेरीस पाच साचे उभे राहिले आणि होडीचा सांगाडा लायलच्या शेडबाहेर निघाला. फेब्रुवारीत पुरी झालेली होडी नदीत उतरली. सगळी पणजोबांची, फक्त मागच्या काठावर जिथे हात टेकतो तेवढी रोवेनाची. लॅमिंग्टन कोणाला द्यायचा यावर केल्विन आणि बासिल यांचं अजून भांडण चालू आहे.

माझं खरं नाव मला अजून कळलेलं नाही. मी लायलच्या खिळ्यासारख्याच एका खिळ्याला लटकतो. गंज तसाच आहे. तेवढ्यासाठी केल्विनने व्हिनेगरच्या टबावर एक पाटी लावली: आधी बघा.

मित्रांनो, जुनी वस्तू हातात आली तर मीही तुम्हाला तेच सांगेन. घासायची घाई करू नका, आपटून सरळ करायची तर मुळीच नको. तिच्या अंगावर कोणाचं काय राहून गेलंय, ते तिलाही आठवत नसतं. तुम्ही बघितलं नाही तर ते कोणीच बघणार नाही.